कापसाच्या भावाऐवजी रेघवाले ए आले तर एन्कोडिंग कसं ओळखायचं

बाबांसाठी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, रोज सकाळी एका साइटवरून कापसाचे आणि तुरीचे भाव ओढायचे न मोबाईलवर पाठवायचे, एवढंच काम. पहिल्याच दिवशी बाबा गोठ्यातून मोबाईल घेऊन आले, "काऊन बे, हे काय लिवून रायलं?" पाहतो तर कापूस नाही न तूर नाही, नुसते डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए आणि त्यांच्याजवळ चार पायांचं एक गोल चिन्ह, ओळीच्या ओळी तसंच. भावाचे आकडे मात्र बरोबर!

हा अवतार नीट ओळखून ठेवा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायची आजची सर्वसाधारण पद्धत, म्हणजेच एक एन्कोडिंग) तीन बाइटचं, म्हणजे ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांचं असतं, पहिला बाइट २२४, दुसरा १६४ नाहीतर १६५. नुसता 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. हेच बाइट लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांचं जुनं एन्कोडिंग, एका अक्षराला एकच बाइट) समजून वाचले की २२४ चा रेघवाला ए होतो न १६४ चं ते गोल चिन्ह. म्हणजे डेटा चांगलाच आहे, वाचणारा चुकला. आकडे इंग्रजी होते, त्यांचा एकच बाइट दोन्हीकडे सारखा, म्हणून ते शाबूत राहिले.

चुकते ती रिक्वेस्ट्स, पायथनमध्ये वेबपेज ओढणारी लायब्ररी. सर्व्हरने कंटेंट-टाइप हेडरमध्ये (पेजसोबत येणारी माहितीची ओळ) टेक्स्ट-एचटीएमएल लिहिलं पण कॅरसेट, म्हणजे एन्कोडिंगचं नाव, लिहिलाच नाही, तर ती आपल्या मनाने लॅटिन-१ धरते, कारण एचटीटीपीचा जुना नियम तसा होता. २०१४ च्या आरएफसी ७२३१ ने (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) तो काढला, लायब्ररीत राहून गेला. पेजच्या आतला मेटा टॅग, जिथे पेज स्वतःचं एन्कोडिंग सांगतं, तर ती पाहतच नाही. आणि लॅटिन-१ मध्ये २५६ च्या २५६ बाइटला जागा आहे, त्यामुळे एररही येत नाही बावा, गुपचूप कचरा हातात येतो.

म्हणून रिस्पॉन्सच्या डॉट टेक्स्टला (लायब्ररीने अक्षरं बनवून दिलेला मजकूर) हात लावायच्या आधी डॉट कंटेंट घ्या, तिथे कच्चे बाइट असतात. सुरुवातीला २३९, १८७, १९१ दिसले तर तो यूटीएफ-८ चा बीओएम, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी सुरुवातीची खूण, विषय संपला. २५५, २५४ किंवा उलटं असेल तर यूटीएफ-१६. बीओएम नसेल तर हेडरमधला कॅरसेट, पण खरंच लिहिलेला असेल तरच. तोही नसेल तर पहिल्या १०२४ बाइटमध्ये मेटा कॅरसेट शोधा, ब्राउझरही साधारण ह्याच क्रमाने जातात. काहीच नाही सापडलं तर सरळ यूटीएफ-८ ने स्ट्रिक्ट डिकोड (बाइटचं अक्षर करताना चूक दिसली की एरर देणारं) करून पाहा, मराठी मजकूर एररशिवाय निघाला तर तो यूटीएफ-८ च समजा, दुसऱ्या एन्कोडिंगचा मजकूर ह्या चाळणीतून सहसा पडत नाही. अपॅरंट एन्कोडिंग, म्हणजे लायब्ररीने बाइट पाहून लावलेला अंदाज, सगळ्यात शेवटी, तो शेवटी अंदाजच आहे आणि पेज छोटं असलं की काहीही सांगतो.

टेस्ट करताना मी शहाणपणा करून पहिले २००० बाइटच घेतले न डिकोड फेल, अर्धा तास सर्व्हरला शिव्या दिल्या. काप नेमका एका अक्षराच्या मधात बसला होता, तीनपैकी दोनच बाइट आले होते. डिकोड पूर्ण कंटेंटवरच करा.

एन्कोडिंग कळलं की रिस्पॉन्स डॉट एन्कोडिंगमध्ये ते टाका, मग डॉट टेक्स्ट मागा. आधीच बिघडून सेव्ह झालेली फाइल फेकू नका, तो मजकूर लॅटिन-१ ने एन्कोड करून यूटीएफ-८ ने डिकोड केला की कापूस परत कापूस होतो.

एक भानगड मात्र ह्याने सुटत नाही. काही जुन्या मराठी साइट कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात, तिथे बाइट बहुतेक साध्या इंग्रजी अक्षरांचेच आहेत, देवनागरी फक्त फॉन्ट दाखवतो. रेघवाले ए न येता निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर एन्कोडिंग बदलत बसू नका, त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर शोधा.