काळ्या मातीसाठी गाडीला बटणाचे टायर टाकताय? आधी या चुका टाळा

जून लागला की चोपडा, यावल, शिरपूर भागात टायरच्या दुकानात एकच मागणी असते, भाऊ गाऱ्यात चालणारा बटणाचा टायर दाखवा. गारा म्हणजे चिखल, आणि बटणाचा म्हणजे वर रबराचे सुटे उंच ठोकळे असलेला टायर. मागणी चूक नाहीच. ज्याचं शेत डांबरी सोडून दोन-तीन किलोमीटर आत आहे आणि घरात एकच स्प्लेंडर नाहीतर प्लॅटिना आहे, त्याला साध्या टायरवर पावसाळा काढणं किती जिवावर येतं हे मला चांगलं माहितेय. पण टायर घेताना आणि बसवताना ज्या चुका होतात त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्यात म्हणून सविस्तर लिहितोय.

टायर बघितला, मडगार्ड बघितलंच नाही

ही सगळ्यात मोठी चूक आणि हिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. माझ्या गाडीला 2.75-18 चा टायर होता, दुकानदार म्हणाला एक साइज मोठा टाका, पकड चांगली येते, मी पुढे-मागे दोन्हीकडे 3.00-18 बटणाचे टाकले आणि खूश होऊन घरी आलो. ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागलेली, कपाशीला खत टाकायचं म्हणून निघालो, गाडवाटेवर अर्धा किलोमीटर गाडी मस्त चालली आणि मग पुढचं चाक हळूहळू जड होत होत एकदम जागेवर थांबलं. मी हँडलवरून पुढे गेलो. वेग कमी होता म्हणून मनगटावर निभावलं. उठून बघतो तर टायर आणि मडगार्डच्या मधे गारा नुसता ठासून भरलेला, त्यात गवत आणि पाचोळा, म्हणजे भिंतीला लिंपण करतो तसंच झालेलं. डिक्कीत खुरपं होतं, त्याने खरवडायला वीस मिनिटं गेली आणि शंभर पावलांवर परत तेच.

हिशोब साधा आहे. 2.75 चा 3.00 केला की टायरची उंची पाव इंच वाढते म्हणजे सहा मिलिमीटर, वरून बटणांची उंची वेगळी. तेवढीच फट मडगार्डखालची कमी होते. आपली तापीकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि हाताला लागली तरी सुटत नाही, तिला बाहेर पडायला जागा लागते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आपल्या भागात टायर जाड नको, साइज कंपनीचाच ठेवा, फक्त बटणं एकमेकांपासून लांब लांब असलेला घ्या. जवळजवळ ठोकळे असलेला टायर चार फेऱ्यांत भरून जातो आणि मग त्याच्यात आणि घासलेल्या टायरमध्ये काही फरक राहत नाही.

फट कशी बघायची? पुढचं मडगार्ड शॉकअपच्या खालच्या नळीला असतं, ते चाकाबरोबरच वर-खाली होतं, तिथे दोन बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. मागचं मडगार्ड मात्र चेसिसला असतं, गाडी दबली की चाक त्याच्या जवळ जातं, त्यामुळे मागे दोन माणसं बसवून, गाडी जोरात दाबूनच बघा. पुढचं मडगार्ड वॉशर टाकून सेंटिमीटरभर उचलता येतं, फक्त शॉकअप पूर्ण दबल्यावर ते वर कुठे आपटत नाही ना ते तपासा. काहीजण पावसाळ्यात मडगार्ड काढूनच टाकतात, मी तसं करणार नाही. पुष्कळ गाड्यांत ते दोन्ही शॉकअपना एकमेकांशी धरून ठेवतं, शिवाय डांबरीवर आलात की सगळा चिखल डोळ्यात.

फक्त मागचाच बदलला

पैसे वाचवायला हे सगळेच करतात. मागे बटणाचा आणि पुढे तोच जुना लायनींचा, म्हणजे सरळ उभ्या खाचांचा. मागचं चाक ढकलतं जोरात, पुढचं वळायला तयार नसतं, गाऱ्यात लायनी भरल्या की पुढचा टायर साबणासारखा सरकतो. माझ्या चुलतभावाची गाडी अशीच दोनदा चारीत गेली. एकच घ्यायची ऐपत असेल तर थांबा, जोडीच घ्या.

आणि रस्ता कोणता तेही ठरवा. रावेरहून पालकडे किंवा शहाद्यावरून तोरणमाळला जाणाऱ्याला दगड, मुरूम आणि घाटाचा डांबरी रस्ता लागतो, तिथे उंच बटणं वाकतात, कडेने फाटतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला की गाडी घसरते. त्यांनी जवळ ठोकळ्यांचा, अर्धा रोड अर्धा कच्चा चालणारा टायरच घ्यावा. जळगाव-भुसावळ रोज हायवेने जाणाऱ्याला तर बटणाचा टायर घेऊच नका म्हणेन, मे महिन्याच्या डांबरावर बटणं बघता बघता झिजतात.

अंक न वाचता घेतला

हिरोच्या एक्सपल्सचा, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीच्या उंच गाडीचा टायर छान दिसतो म्हणून विचारणारे भेटतात. तिचा पुढचा 90/90-21 असतो, म्हणजे 21 इंची रिंग. आपल्या 17 किंवा 18 च्या रिंगवर तो बसणारच नाही. रुंदीचंही तसंच, छोट्या गाडीची रिंग अरुंद असते, तिच्यावर फार रुंद टायर चढवला की तो मधे फुगून गोल होतो आणि वळणावर गाडी एकदम पडल्यासारखी वाटते.

साइजच्या पुढे 42P, 50P असं लिहिलेलं असतं ते वजन आणि वेगाचं आहे. 42 म्हणजे 150 किलो, 50 म्हणजे 190 किलो, त्या एका टायरवर. दुधाचे दोन मोठे कॅन किंवा केळीचे घड बांधून नेणाऱ्याने हा आकडा जुन्या टायरपेक्षा कमी घेऊ नये. बाजूला चार आकड्यांची तारीख असते, 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं दुकानात पडलेला टायर कितीही स्वस्त दिला तरी नको.

बसवताना होणाऱ्या चुका

समोर उभं राहा, चहाला जाऊ नका. टायरवर बाण असतो, तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला आला पाहिजे, उलटा बसलेला मी डोळ्याने बघितलाय. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी. तारांची रिंग असेल तर आतली रबरी पट्टी नवीन टाका, ट्यूबही नवीनच टाका कारण जुनी ट्यूब ताणलेली असते, तिला आत घडी पडते आणि तिथेच फुटते. ट्यूबला थोडी हवा भरून गोल करा, पावडर लावा, मग आत घाला. टायरच्या काठाला साबणाचं पाणी लावलं तर टॉमीला (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीला) जोर कमी लागतो, आणि शेवटचा भाग व्हॉल्व्हच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे बाकीचा काठ रिंगच्या खोलगट भागात बसतो.

हवा भरल्यावर टायरच्या काठाजवळची बारीक रेष रिंगपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला पाहिजे. एके ठिकाणी आत गेली असेल तर हवा सोडा, परत साबण लावा, परत भरा. हँडल थरथरतं म्हणून लोक बेअरिंग बदलत बसतात आणि कारण हे असतं.

चाक परत लावताना पुढच्या ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या टोकात बसली का बघाच, ती सुटली तर ब्रेक मारल्यावर प्लेटच फिरेल आणि चाक जॅम होईल. मागे ब्रेकच्या आडव्या दांड्याची क्लिप लावा. चेनच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते आणि दोष टायरला जातो.

हवेचा घोळ

गाऱ्यात हवा कमी ठेवा हे खरं, पण ट्यूबच्या टायरला मर्यादा आहे. हवा फार उतरवली की टायर रिंगवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की समजा हेच चाललंय. एकाच जागी शेजारी शेजारी दोन भोकं पडत असतील तर ते काट्याचं पंक्चर नाही, दगडावर ट्यूब चिमटलीये, म्हणजे हवा कमी आहे. मी एकटा, रिकामी गाडी असेल तर गाडीवरच्या स्टिकरपेक्षा चार-पाच पॉइंटच (पीएसआय) कमी करतो, आणि डांबरी लागायच्या आधी परत भरतो, त्यासाठी सीटखाली छोटा पंप ठेवलाय. हवा मोजायची ती सकाळी, गाडी गार असताना. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दाखवली म्हणून कमी करू नका.

नवीन टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, तोवर वळणावर गाडी जास्त झुकवू नका. पहिल्या दिवशी वीसेक किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही एक्सलचे नट पाना लावून बघा, तारा एकेक करून बोटाने वाजवा, जी बद्द वाजेल ती ढिली आहे.