मुळांचे वर्ग करत बहुपदी सोडवण्याची ग्रेफ यांची रीत

अंदाज टप्प्याटप्प्याने सुधारत नेणाऱ्या न्यूटन यांच्या रीतीला आरंभी मुळाचा, म्हणजे समीकरणाच्या उत्तराचा, अंदाज द्यावा लागतो; ग्रेफ यांच्या रीतीला तो लागत नाही, आणि सगळी मुळे एकाच आकडेमोडीतून बाहेर पडतात. झुरिकच्या ग्रेफ यांनी ती १८३७ मध्ये मांडली, पण त्यापूर्वी १८२६ मध्ये डांडलँ आणि १८३४ मध्ये लोबाचेव्हस्की यांनाही ती सुचली होती, त्यामुळे एकट्या ग्रेफ यांचे नाव चिकटणे थोडे अन्यायाचेच आहे.

रीत प्रथम अशा समीकरणावर करून पाहावी, ज्याची उत्तरे आधीच ठाऊक आहेत. क्ष³ − ६क्ष² + ११क्ष − ६ = ० या समीकरणाची मुळे १, २ आणि ३ आहेत. विषम घातांची पदे एका बाजूला व सम घातांची दुसऱ्या बाजूला नेली की क्ष³ + ११क्ष = ६क्ष² + ६ असे मिळते. आता दोन्ही बाजूंचा वर्ग करून क्ष² च्या जागी य लिहिले, तर य³ − १४य² + ४९य − ३६ = ० हे समीकरण येते आणि त्याची मुळे १, ४, ९ असतात.

दर वेळी एवढी मांडणी करण्याची गरज नाही. घन समीकरण क्ष³ − अक्ष² + बक्ष − क = ० असे लिहिले, तर नवे सहगुणक अनुक्रमे अ² − २ब, ब² − २अक आणि क² असतात. तेच सूत्र पुन्हा लावल्यावर ९८, १३९३, १२९६ आणि तिसऱ्यांदा लावल्यावर ६८१८, १६८६४३३, १६७९६१६ हे सहगुणक मिळतात.

अ म्हणजे मुळांची बेरीज. मूळ समीकरणात ३ हे २ च्या दीडपटच होते, पण तीन वर्गांनंतर ६५६१ हे २५६ च्या पंचवीस पटींहून मोठे झाले, म्हणून आता बेरजेवर सर्वांत मोठ्या मुळाचेच राज्य चालते. ६८१८ चे आठवे मूळ, म्हणजे कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाची कळ तीनदा दाबून येणारी संख्या, ३.०१४४ आहे. पुढच्या मुळांसाठी लागोपाठच्या सहगुणकांच्या भागाकारांची आठवी मुळे घ्यावीत: १६८६४३३ ÷ ६८१८ वरून १.९९१४, आणि १६७९६१६ ÷ १६८६४३३ वरून ०.९९९५. चौथ्या वर्गानंतर मोठे मूळ ३.०००३ पर्यंत येते. नवा सहगुणक जुन्याच्या वर्गाएवढाच येऊ लागला, म्हणजे वजा होणारे पद नगण्य झाले, की थांबावे.

वर्ग करताना चिन्ह हरवते, म्हणून मिळालेली संख्या धन व ऋण अशी दोन्ही प्रकारे मूळ समीकरणात घालून पाहणे अनिवार्य आहे. एखाद्या सहगुणकाचे चिन्ह दर पायरीला डळमळत राहिले आणि तो स्थिरावलाच नाही, तर संमिश्र मुळांची (ज्यांत −१ चे वर्गमूळ येते अशा मुळांची) जोडी असल्याचे ओळखावे. त्या जोडीतील दोन्ही मुळांचे केवल मूल्य, म्हणजे शून्यापासूनचे अंतर, समान असल्याने ती एकमेकांपासून वेगळी होत नाहीत.

संगणकावर मात्र सावध राहावे, कारण वरच्या उदाहरणात नवव्या वर्गाला अचर पद (ज्यात य नाही ते) ६ चा ५१२ वा घात, म्हणजे सुमारे ३९९ अंकी होते, तर नेहमीची दुहेरी अचूकतेची संख्या १० च्या ३०८ व्या घाताच्या आसपासच संपते. त्यामुळे चार-पाच वर्गांवर थांबून मिळालेल्या किमती न्यूटन यांच्या रीतीला आरंभीचा अंदाज म्हणून द्याव्यात.