एसीला शिव्या घालू नका: नव्या जेआरसाठी (ज्युनियर रेसिडेंटसाठी)

शस्त्रक्रियेत पेशंटच्या शरीराचं तापमान ३६ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया, हे पाठ असतंच सगळ्यांचं. तरी भूलशास्त्राला नवा लागलेला प्रत्येक जण आधी एसीच्या मागे लागतो. मीही लागलो होतो. सर्जनना एसी वाढवून हवा, आपण मामांना (वॉर्डबॉयना) हळूच कमी करायला सांगणार, आणि तासाभरात मॉनिटरवर ३५.२.

गोम इंडक्शनमध्ये, म्हणजे भूल सुरू करण्यात, आहे. जागेपणी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, म्हणून ऊब छाती-पोटात टिकते आणि हातपाय त्यापेक्षा गार राहतात. भुलीचं प्रोपोफॉल गेलं, गॅस चालू झाला की त्या सैल पडतात आणि आतलं गरम रक्त गार हातापायांत पसरतं. पहिल्या तासात एक ते दीड अंश उतरतो तो मुख्यतः यामुळेच. उष्णता बाहेर फारशी गेलेली नसते, आतल्या आत वाटणी होते. आता ड्रेपिंग झाल्यावर (पेशंटवर कापडं घातल्यावर) ब्लोअर, म्हणजे ब्लँकेटमध्ये गरम हवा सोडणारं यंत्र, लावून काय होणार? लावायचाच, पण घसरलेलं भरून यायला वेळ लागतो. त्यापेक्षा भूल देण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पेशंटला ब्लोअरच्या ब्लँकेटखाली ठेवा. हातपायच गरम असले की वाटणीत फारसं काही जात नाही. लिस्ट रखडते म्हणून कोणी कुरकुरलं तर आधीची केस संपत आली असतानाच होल्डिंग एरियात (पुढचा पेशंट थांबतो तिथे) सुरू करा.

ब्लँकेट संपलं म्हणून नुसता ब्लोअरचा पाइप चादरीखाली सोडणं किंवा गरम सलाईनच्या बाटल्या काखेत ठेवणं, असले जुगाड कोणी कितीही सीनियर शिकवो, करू नका. भूल दिलेल्या माणसाला चटका कळत नाही. ‘आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं’ म्हणणाऱ्या सरांपेक्षा या बाबतीत रिकव्हरीच्या सिस्टरांचं ऐका. कुडकुडणारा पेशंट त्यांच्या पदरात पडतो.

तापमानाचा प्रोब नाकातून घशामागे किंवा अन्ननलिकेच्या खालच्या भागात हवा. कातडीवर चिकटवलेल्या प्रोबवर विसंबू नका. खोलीच्या तापमानाचं एक लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) मोठ्या माणसाला साधारण पाव अंश उतरवतं, त्यामुळे लॅपरोटॉमीत (पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत) सलाईन गरम करणारा फ्लुइड वॉर्मर हवाच. पण ड्रिप हळू असेल तर वॉर्मरपासून हातापर्यंतच्या नळीतच ते पुन्हा गार होतं.

३५.६ दिसलं म्हणून घाबरूनही जाऊ नका. १९९६ च्या अभ्यासात आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांपैकी गार राहिलेल्यांत जखमेचा संसर्ग १९ टक्के, उबदार ठेवलेल्यांत ६ टक्के होता. पण ते गार रुग्ण ३४.७ च्या आसपास होते. २०२२ च्या पाच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत ३५.५ आणि ३७ यांत हृदयाच्या गुंतागुंतीत फरक दिसला नाही. ३४ चा आकडा मात्र खपवून घेऊ नका. रक्त थांबेनासं होतं, आणि लॅब नमुना ३७ अंशांवर तपासते म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो.

रिकव्हरीत कुडकुडला तर आधी ऑक्सिजन, मग तापमान, मग ब्लोअर. कुडकुडणं थांबवायचं ट्रॅमाडॉल त्यानंतर आणि हळू, नाहीतर उलट्या निस्तरत बसाल.