जुन्या ख्रिस्ती रॉक बँडचा लाइव्ह अल्बम कसा ऐकावा

तीस-चाळीस वर्षे वाजवत आलेला बँड वर्धापनवर्षात किंवा निरोपाच्या वेळी मैफलीचे ध्वनिमुद्रण काढतो, तेव्हा जुना चाहता ते आठवणींसाठी घेतो आणि नवा श्रोता सगळी गाजलेली गाणी एकाच जागी मिळतील म्हणून तिथूनच सुरुवात करतो. माझ्या मते यात दोघांचेही नुकसान आहे. असा अल्बम एकटा ऐकू नये. तीच गाणी त्याच बँडने पूर्वी कशी वाजवली होती, हे शेजारी लावून ऐकावे, तरच त्यातली खरी गोष्ट कानावर पडते. ते कसे करायचे, हे येथे अमेरिकेतील ‘पेट्रा’ या बँडच्या आधाराने सांगत आहे.

पेट्रा निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे. 1972 मध्ये इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे गिटारवादक बॉब हार्टमन आणि त्यांच्या साथीदारांनी हा बँड उभा केला, पहिला अल्बम 1974 मध्ये आला आणि पुढे तीन दशकांत चार ग्रॅमी पुरस्कार बँडच्या नावावर जमा झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या बँडची दोन थेट ध्वनिमुद्रणे एकोणीस वर्षांच्या अंतराने उपलब्ध आहेत: 1986 मधील ‘कॅप्चर्ड इन टाइम अँड स्पेस’ आणि 2005 मधील ‘फेअरवेल’. पहिल्यात ग्रेग व्होल्झ गातात. ते त्याच सुमारास बँडमधून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी ‘हेड ईस्ट’ या रॉक बँडचे माजी गायक जॉन श्लिट आले, जे शेवटपर्यंत राहिले. एकच बँड, दोन अगदी वेगळ्या जातीचे गळे आणि मधे गेलेला काळ, असे तिन्ही घटक एकत्र मिळणे फारच थोड्या ठिकाणी शक्य आहे.

तयारी म्हणून चार अल्बम हाताशी ठेवावेत. वरील दोन मैफली, त्यांच्या जोडीला व्होल्झ यांच्या काळातील 1983 चा ‘नॉट ऑफ धिस वर्ल्ड’ आणि श्लिट यांच्या काळातील 1990 चा ‘बियाँड बिलीफ’. हे शेवटचे दोन्ही स्टुडिओतले आहेत. आधी ते ऐकावेत, निदान दोनतीनदा, म्हणजे गाण्यांच्या चाली आणि सुरावटी ओळखीच्या होतील. 1990 च्या अल्बमचे निर्माते जॉन आणि डिनो एलेफांटे हे बंधू होते, आणि त्यातली झील, म्हणजे मुख्य गायकामागे धरलेले आवाज, थरावर थर चढवून किती दाट केली आहे, याकडे पहिल्यापासून कान असू द्यावेत, कारण मैफलीत नेमकी तीच गोष्ट अडचणीची ठरते.

त्यानंतर यंत्राची जुळणी. मोबाइलवर ऐकणार असाल तर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत विरघळवणारी क्रॉसफेडची सोय बंद करावी, कारण मैफलीतील दोन गाण्यांमधला वेळ हा त्या ध्वनिमुद्रणाचाच भाग असतो. सर्व गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोयही बंद ठेवावी, नाहीतर हळू बोललेले वाक्य आणि ड्रम्सचा पहिला ठोका यांच्यातले अंतर नाहीसे होते. गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याचा तर प्रश्नच नाही. साधे पण दोन्ही कानांवर नीट बसणारे हेडफोन पुरेसे आहेत. महागड्या यंत्रणेची गरज नाही.

पहिल्या वेळी ‘फेअरवेल’ सलग, एका बैठकीत ऐकावा आणि काहीही टिपून घेऊ नये. याचे चित्रीकरणही निघाले आहे; ते मात्र या टप्प्यावर पाहू नये. डोळ्यांसमोर प्रकाशझोत आणि उंचावलेले हात असले की कान आळशी होतात, आणि गायक एखादी वरची जागा टाळून खालून गेला तरी ते लक्षात येत नाही.

खरे काम दुसऱ्या वेळी सुरू होते. मैफलीच्या यादीतून एक असे गाणे निवडावे जे तुमच्याकडच्या स्टुडिओ अल्बमवरही आहे, आणि प्रथम पट्टी तपासावी. घरात पेटी असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलवरचा ट्यूनर चालेल. स्टुडिओतल्या गाण्यात धृपदाची ओळ ज्या स्वरावर विसावते तो स्वर पेटीवर शोधावा, समजा तो काळी दोन निघाला, तर मैफलीतल्या त्याच ओळीचा शेवट तिथेच येतो की पांढरी दोनवर उतरला आहे, हे पाहावे. श्लिट यांचा जन्म 1950 चा, म्हणजे ‘फेअरवेल’च्या वेळी ते पंचावन्न वर्षांचे होते, रॉकमधली ताणलेली तारसप्तकातली फेक त्या वयात रोज रात्री करणे सोपे नसते. वय वाढले की बँडपुढे दोन वाटा असतात. एक, सगळ्यांनी मिळून पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवायची. दुसरी, पट्टी तीच ठेवून गायकाने वरच्या जागा वळवून घ्यायच्या किंवा श्रोत्यांच्या तोंडी सोपवायच्या. कोणत्या गाण्यात कोणती वाट धरली आहे, हे एकदा कळू लागले की अल्बमचा निम्मा उलगडा होतो. जाता जाता एक सावधगिरी: जुन्या एलपीवरून उतरवून घेतलेली नक्कल या तुलनेसाठी वापरू नये, कारण तबकडी किंचित कमी-अधिक वेगाने फिरली तरी स्वर सरकतो आणि नसलेला फरक दिसू लागतो.

पट्टीनंतर लय. घड्याळ समोर ठेवून एका मिनिटात किती ठोके पडतात ते दोन्हीकडे मोजावे. रंगमंचावर लय बहुधा चढते. काही ठिकाणी ती उत्साहाने चढलेली असते आणि काही ठिकाणी गायकाला लांब स्वर कमी काळ धरावे लागावेत म्हणून मुद्दाम चढवलेली असते.

मग झील ऐकावी. स्टुडिओत एकच माणूस स्वतःच्या आवाजावर चारदा आवाज चढवू शकतो. रंगमंचावर जेवढी तोंडे तेवढेच आवाज. म्हणून ‘बियाँड बिलीफ’मधले धृपद आणि मैफलीतले धृपद लागोपाठ लावले, तर दुसरे सुरुवातीला उघडेबोडके वाटते. मला स्वतःला ते अधिक आवडते, कारण त्यात शब्द स्पष्ट कळतात आणि गिटारला श्वास घ्यायला जागा मिळते. त्याउलट मैफलीतली झील स्टुडिओइतकीच दाट आणि अचूक असेल, तर दोन शक्यता उरतात: आधी मुद्रित केलेले आवाज सोबत वाजवले आहेत, किंवा मैफलीनंतर स्टुडिओत बसून नव्याने भरले आहेत. लाइव्ह अल्बमच्या व्यवसायात ही दुरुस्ती जुनी आणि सर्वसामान्य आहे, आणि तिला फसवणूक म्हणण्याचे कारण नाही. श्रेयनामावलीत मैफलीच्या जागेखेरीज एखाद्या स्टुडिओचे नाव ‘अतिरिक्त ध्वनिमुद्रण’ म्हणून छापलेले असेल, तर तो सरळ दिलेला कबुलीजबाबच असतो.

श्रोत्यांचा आवाज हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर वेळ खर्च करावा. सभागृहात लोकांच्या दिशेने रोखलेले मायक्रोफोन वेगळे असतात आणि त्यांची पातळी नंतर ठरवली जाते, त्यामुळे गर्दी किती मोठी वाटते यापेक्षा ती केव्हा वर आणली आहे, याकडे लक्ष द्यावे. हेडफोन लावून टाळ्यांचा शेवट ऐका. आवाज सभागृहाच्या घुमण्यासह नैसर्गिकपणे ओसरतो, की मधेच पोत बदलून दुसऱ्या टाळ्या सुरू होतात? पोत बदलला असेल तर तेथे काहीतरी कापले आहे. कापणे भागच असते. एका सीडीवर जेमतेम 74 ते 80 मिनिटे मावतात आणि दोन तासांची मैफल त्यात बसत नाही. एलपीच्या काळात तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचीच जागा असे, त्यामुळे 1986 ची मैफल दोन तबकड्यांवर, चार तुकड्यांत ऐकावी लागे.

याच जागेच्या आणि वेळेच्या अडचणीतून गाण्यांची माळ तयार होते. तीस वर्षांची गाणी एका रात्रीत पूर्ण वाजवता येत नाहीत, म्हणून एकाचे कडवे, दुसऱ्याचे धृपद, तिसऱ्याची नुसती गिटारची ओळख, असे जोडत जातात. ‘फेअरवेल’मध्ये अशा माळा आहेत. नवा श्रोता नेमका येथे हरवतो. उपाय एवढाच की माळेतील प्रत्येक तुकडा कोणत्या वर्षाचा आहे ते कागदावर लिहावे. व्होल्झ यांच्या काळातील गाणी कोणती आणि श्लिट यांच्या काळातील कोणती, हे त्यातून कळते. ‘फेअरवेल’चे ध्वनिमुद्रण ऑक्टोबर 2005 मध्ये टेनेसी राज्यातील फ्रँकलिन येथे झाले आणि त्या रात्री व्होल्झ स्वतः, तसेच जुने कीबोर्डवादक जॉन लॉरी पाहुणे म्हणून मंचावर आले. दोन्ही गळे एकाच मंचावर, एकाच गिटारच्या साथीने ऐकू येतात तो भाग पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखा आहे. 1995 नंतर काही वर्षे मंचापासून दूर राहिलेले हार्टमनही तोवर परतलेले होते.

आता निरूपणाविषयी. गाण्यांच्या मधे गायक विश्वासाबद्दल बोलू लागला की पुष्कळ श्रोते पुढचे गाणे लावतात. कीर्तनातला अभंग ठेवून निरूपण वगळावे, तसे हे आहे. ख्रिस्ती रॉक ही बोलण्यासाठीच जन्मलेली चळवळ होती. 1969 मध्ये लॅरी नॉर्मन यांचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम आला तेव्हापासून या संगीताला दोन्हीकडून बोल लागले: रॉकच्या श्रोत्यांना ते प्रवचन वाटे आणि अनेक चर्चना ते जगिक वाटे. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांनी 1980 च्या दशकात या संगीतावर उघड हल्ला चढवला होता. पेट्राने ब्रिटिश बँड ‘आर्जेंट’चे ‘देवाने तुम्हाला रॉक अँड रोल दिले’ अशा आशयाचे गाणे 1977 आणि पुन्हा 1984 मध्ये मुद्रित केले, ते या वादातील आपली बाजू म्हणूनही ऐकता येते. लोकांमध्ये रुळलेल्या संगीतप्रकारात भक्ती गावी की नाही, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती वाचकाला नवा नाही, ना. वा. टिळकांनी अभंगाचे माध्यम निवडून आपल्यापुरते त्याचे उत्तर दिले होते.

म्हणून शब्दांसाठी एक बैठक राखून ठेवावी. गीतांचे शब्द समोर घेऊन मराठी पवित्र शास्त्र उघडावे. 1983 च्या अल्बममधील ‘ग्रेव्ह रॉबर’ हे मृत्यूला आव्हान देणारे गाणे ऐकण्याआधी करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय वाचला, तर संथ चाल शेवटाकडे का उचलली जाते ते समजते. श्रद्धा असो वा नसो, संदर्भ माहीत असलेला श्रोता अधिक ऐकतो.

चित्रीकरण आता पाहावे. कोणता आवाज कोणाचा, झील कोण धरतो, कीबोर्डचे कोणते स्वर कोणाच्या हातून येत आहेत आणि कोणते हाताविना येत आहेत, हे टिपणाशी ताडून पाहावे.

हीच पद्धत पुढे ‘स्ट्रायपर’वर लावता येईल. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे, बोधचिन्हात यशया 53:5 चा दाखला आणि श्रोत्यांत बायबलच्या प्रती भिरकावण्याची रीत, यांमुळे गाजलेल्या कॅलिफोर्नियाच्या या बँडने 1983 मध्ये सुरुवात केली आणि तीस वर्षांनी, 2013 च्या नोव्हेंबरमध्ये, वेस्ट हॉलिवूडच्या ‘व्हिस्की अ गो गो’ या छोट्या क्लबमध्ये मैफल मुद्रित केली. अल्बम 2014 मध्ये निघाला. तेथे गायक मायकेल स्वीट सुरुवातीपासूनचेच आहेत, त्यामुळे गळ्यांची तुलना उरत नाही. त्याऐवजी 1986 चा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ शेजारी ठेवावा, पेटी पुन्हा जवळ घ्यावी आणि पहिल्याच धृपदाची पट्टी तपासण्यापासून सुरुवात करावी.