कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूत फॅटी ॲसिड सिंथेस मोजताना

विट्याहून कराडला येणाऱ्या एसटीत मी दर डिसेंबरात मांडीवर खोकं घेऊन बसते. आत भाताच्या तुसात उबवणी केंद्रातली 30 फलित अंडी, टोकदार बाजू खाली. दुकानातल्या अंड्यात भ्रूण धरत नाही, म्हणून ही खटपट. 37.5 अंशांवर 21 दिवसांत पिल्लू बाहेर येतं. आपल्याला 12, 15 आणि 18व्या दिवसाचे मेंदू हवेत. एकाच दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही. चेतातंतूंभोवती मायलिनचं स्निग्ध वेष्टण चढू लागतं तेव्हा फॅटी ॲसिड सिंथेस, म्हणजे स्निग्धाम्लं तयार करणारं एन्झाइम, वाढतं की उतरतं, हेच तर पाहायचं.

मेंदू काढला की लगेच वजन करा. ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) आणि डीटीटी (एन्झाइमला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं रसायन) घातलेल्या थंडगार 0.32 मोलर सुक्रोजमध्ये सावकाश घोटा, फेस येऊ देऊ नका. मग सेंट्रिफ्यूजमध्ये 1,00,000 जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पट) तासभर फिरवून वरचं नितळ द्रावण घ्या. तेवढं यंत्र नसेल तर 12,000 जी वर भागवा, पण मग ब्लँककडे, म्हणजे मॅलोनिल-कोए घालण्याआधीच्या आकड्याकडे, दुप्पट लक्ष द्या.

पहिल्या वर्षी मी हे द्रावण रात्रभर बर्फात ठेवलं. सकाळी मोजलं तर क्रिया जवळजवळ संपलेली! हे एन्झाइम म्हणजे दोन सारख्या साखळ्यांची जोडी; थंडीत, क्षार कमी असले की ती सुटते. म्हणून त्याच दिवशी मोजा, आणि मोजण्याआधी 0.25 मोलर पोटॅशियम फॉस्फेट (पीएच 7) व डीटीटीमध्ये 37 अंशांवर अर्धा तास ठेवा. जोडी पुन्हा जुळते.

क्युव्हेटमध्ये (प्रकाशमापकाच्या छोट्या पारदर्शक नळीत) बफर, एनएडीपीएच, ॲसिटिल-कोए आणि एन्झाइम घालून 340 नॅनोमीटरला तीन मिनिटं बघत बसा. ॲसिटिल-कोए आणि मॅलोनिल-कोए हा स्निग्धाम्लाचा कच्चा माल; ते बनताना एनएडीपीएच खर्च होतं, आणि तेच हा प्रकाश शोषतं, म्हणून ते संपत जाईल तसा आकडा उतरतो. मॅलोनिल-कोए घातलेलं नसतानाही आकडा हळूहळू उतरतो. हा उतार वहीत लिहा. मुलं नेमकी इथेच घाई करतात. आता मॅलोनिल-कोए घाला आणि नव्या उतारातून जुना वजा करा.

समजा 1 मिलिलिटरमध्ये निव्वळ उतार मिनिटाला 0.0062 आला. भागिले 6.22 (एनएडीपीएच किती प्रकाश शोषतं त्याचा ठरलेला आकडा), म्हणजे मिनिटाला 0.001 मायक्रोमोल, अर्थात 1 नॅनोमोल एनएडीपीएच. प्रथिन अर्धा मिलिग्रॅम असेल तर मिलिग्रॅममागे 2. एका पामिटेटला (हे एन्झाइम बनवतं ते स्निग्धाम्ल) 14 एनएडीपीएच लागतात, तेव्हा पामिटेट काढायचं तर 14 ने भागा.

उत्तर प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे लिहा, तसंच मेंदूच्या ग्रॅममागेही लिहा. दिवसागणिक मेंदूतलं पाणी कमी होत जातं, त्यामुळे दोन्ही आलेख सारखे येतीलच असं नाही.