सोलांची पेटी: पहिल्या वर्षाला डिझाइन शिकवताना

वस्तू अशी निवडा, जिची परीक्षा मुलं वजनकाट्यावर घेऊ शकतील. गोव्यात सत्र एप्रिल-मेपर्यंत चालत असेल, तर भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलां (साली) वाळवायची सौर पेटी सोयीची. गिऱ्हाईक घरातच असतं; आजीला विचारलं की अर्ध्या गरजा कळतात.

एका गटात चार मुलं. पहिला आठवडा चित्र काढू देऊ नका, मोजू द्या. २० ग्रॅम ताजी साल १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवून पाण्याचं प्रमाण काढायचं. समजा ते ८० टक्के आलं. मग १ किलो सालीत घन भाग २०० ग्रॅम, आणि १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवल्यावर उरतात सुमारे २२२ ग्रॅम. म्हणजे ७७८ ग्रॅम पाणी उडवायचं. त्याला साधारण १.९ मेगाज्यूल उष्णता लागते. ६० × ४० सेंमी काचेवर स्वच्छ दिवसात ४.८ मेगाज्यूलच्या आसपास ऊन पडतं. त्यातला तिसरा हिस्सा कामी आला तरी एका दिवसात भागत नाही. हा हिशेब मुलांनी स्वतः केल्याशिवाय प्लायला करवत लावू नये.

पेटी १२ मिमी प्लायची, आत काळा पत्रा, वर ४ मिमी काच. पत्र्याखाली थर्मोकोल घालायचा मोह सगळ्यांना होतो, पण रिकामी पेटी उन्हात राहिली की तो मऊ पडून बसतो. काथ्या किंवा भाताचं तूस भरा. जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा नायलॉनची; जस्ताचा मुलामा कोकमाच्या आंबटपणापुढे टिकत नाही. उतार १० अंश पुरे, कारण मेच्या सुरुवातीला इथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो.

पहिल्या पेटीला खाली २० मिमीची सहाच भोकं पाडू द्या, वर तेवढीच. काचेला आतून घाम फुटेल, आणि फुटायलाच हवा. तेव्हा विचारा: हवा सेकंदाला ०.३ मीटर वेगानं आत आली, तर सहा तासांत किती? जेमतेम १२ घनमीटर. आपल्या दमट किनाऱ्यावर घनमीटरमागे १०-१५ ग्रॅम पाणी उचललं, तर दोनशे ग्रॅमही जात नाही. ऊन अजून शिल्लक, त्याआधीच अडलं हवेपाशी! आता भोकं वाढवा, पण एकदम नाही. फार वाढवली की तापमान उतरतं. बुचं लावून टप्प्याटप्प्यानं बघा आणि दर तासाला वजन लिहा.

तापमानाला डीएस१८बी२० सेन्सर आणि त्याचे आकडे वाचायला आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड). ४.७ किलोओहमचा रोध विसरला किंवा तार सुटली, तर -१२७ दिसतं. सुरुवातीलाच नेमकं ८५ आलं, तर ते सेन्सरचं चालू होतानाचं मूल्य, उन्हाचं नव्हे.

गुण पेटीच्या देखणेपणाला देऊ नका. दुसऱ्या पेटीत काय बदललं आणि कोणत्या आकड्यावरून, याला द्या.

सालं रसात बुडवून पुन्हा वाळवायची घरगुती रीत पहिल्या चाचणीत नको. रस आणि मीठ वजनात मिसळतात, हिशेब जुळत नाही. ती दुसऱ्या पेटीसाठी.