दूतावासातल्या कमर्शियल साहेबाकडून काम करून घ्यायचंय? मग या चुका टाळा

वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडचा संत्रावाला असो, समुद्रपूरकडचा हळदवाला असो, नाहीतर यवतमाळचा जिनिंगवाला, एक्स्पोर्टचा विषय निघाला की गोष्ट दोनच टोकांवर जाऊन बसते. एक तर "ते साहेब लोकं काहीच करत नाही" नाहीतर "दूतावासाले एक मेल टाका, गिऱ्हाईक दारात". दोन्ही खोटं आहे. परदेशातल्या आपल्या बहुतेक दूतावासांत व्यापाराचं काम पाहणारा माणूस असतो, फर्स्ट सेक्रेटरी किंवा सेकंड सेक्रेटरी, कमर्शियल विंग म्हणतात त्याच्या खात्याला. (कॉमनवेल्थ देशात दूतावासाऐवजी उच्चायोग असतो, ढाक्यात आहे तसा, काम तेच.) हा माणूस वर्षाचं काम कसं ठरवतो अन् तिथं ओळखी कशा जमवतो हे माहित असलं तर काय मागायचं अन् कधी मागायचं हे आपोआप कळतं. आपले लोक जास्त करून "कधी"मध्येच मार खातात, त्यावर खाली मोठं लिहिलं आहे, घाईत असाल तर तेवढं तरी वाचा.

त्याला अडत्या समजू नका

1961 चा व्हिएन्ना करार आहे, जगभरचे दूतावास त्यावरच चालतात. त्याच्या तिसऱ्या कलमात दूतावासाच्या कामांमध्ये आर्थिक संबंध वाढवणं स्पष्ट लिहिलेलं आहे, अन् 42 व्या कलमात हेही लिहिलं आहे की राजनैतिक अधिकाऱ्यानं तिथं स्वतःच्या फायद्यासाठी धंदा करायचा नाही. म्हणजे तो तुमचा माल विकणार नाही, कमिशन घेणार नाही, भावही ठरवणार नाही. तो काय करू शकतो तर तिथल्या आयातदारांची यादी देणं, कोणता नियम आडवा येऊन राहिला ते सांगणं, ओळख करून देणं, प्रदर्शनात अन् बायर-सेलर मीटमध्ये तुमच्यासाठी दार उघडणं, समोरची पार्टी खरी आहे की नुसतं लेटरहेड आहे ते पाहून सांगणं. पैसे अडकले तर तो मध्यस्थी करेल, एखादं पत्र लिहील, पण वसुली त्याच्या हातात नाही. त्यासाठी माल निघायच्या आधीच ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारी सरकारी कंपनी) विमा अन् बँकेतून एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशाची हमी). हे दोन्ही सोडून फक्त व्हॉट्सअपवरच्या "कन्फर्म ऑर्डर"वर कंटेनर भरणारे महाभाग आहेत आपल्याकडं, त्यांना काय सांगावं बाप्पा.

थेट राजदूतांच्या नावानं पत्र, वर आमदारसाहेबांची शिफारस

ही चूक फार आवडती. लेटरहेड, जावक क्रमांक, "महोदय, विनंती पूर्वक सादर करण्यात येते की", सोबत शिफारस पत्र, अन् चार पानांत शेवटपर्यंत कळत नाही की माल किती टन आहे. राजदूताकडून ते पत्र फिरत फिरत कमर्शियल विंगलाच येते, फक्त त्यात दिवस जातात. कमर्शियल विंगचा वेगळा ईमेल बहुतेक दूतावासांच्या वेबसाइटवर असतो, तिथं टाका. सप्टेंबर 2024 पासून वाणिज्य मंत्रालयाचं ट्रेड कनेक्ट पोर्टल आहे, त्यावर दूतावासांचे अधिकारीही जोडलेले आहेत, आयईसी नंबर (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नोंदणी क्रमांक) असला तर तिथूनही विचारता येते.

अन् एक गोष्ट कोणीच सांगत नाही. साहेब साधारण तीन वर्षांनी बदलून जातो, पण त्याच्या हाताखाली तिथलाच स्थानिक मार्केटिंग ऑफिसर किंवा असिस्टंट असतो, तो वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर असतो. कोणता आयातदार पैसे बुडवते, कस्टममध्ये कुठं अडकते, कोणता नियम कागदावर आहे अन् कोणता खरा, हे सगळं त्याच्या डोक्यात. आपले लोक त्याला क्लार्क समजून "साहेबांना द्या" म्हणतात. असं करू नका, त्याच्याशी नीट बोला, नाव लक्षात ठेवा, आदरानं बोला, काम झालं नाही तरी दोन ओळी कळवा.

त्याच्या वर्षाच्या यादीत आपण कुठं बसतो ते न पाहणं

कमर्शियल साहेब सकाळी उठून आज काय करू असं ठरवत नाही. त्याची प्राथमिकता दिल्लीतून बऱ्यापैकी ठरून येते, परराष्ट्र मंत्रालय अन् वाणिज्य मंत्रालय दोन्हीकडून. 2021-22 मध्ये 400 अब्ज डॉलरच्या माल निर्यातीचं टार्गेट होतं (ते पारही झालं), तेव्हा ते देशवार अन् मालवार वाटून दूतावासांपर्यंत पोचवलं होतं. त्यात कुठला व्यापार करार चालू असला, जसा यूएईसोबतचा 1 मे 2022 पासून लागू झाला, तर त्या दूतावासाचा मोठा वेळ तिकडेच. मंत्र्यांचा दौरा आला की पंधरवडा गेला समजा. अन् लहान देशातल्या दूतावासात तर एकच माणूस व्यापार, प्रेस, योग दिन, सगळंच पाहून राहिलेला असतो.

मग तो करतो काय, तर वर्षाला चार-पाच माल किंवा सेक्टर धरतो अन् त्यांच्याभोवती कामं आखतो. प्रदर्शनं अन् बायर-सेलर मीटला पैसा बराचसा वाणिज्य मंत्रालयाच्या योजनेतून येतो, त्याचे प्रस्ताव कितीतरी आधी जातात, अपेडा (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) किंवा निर्यात परिषदांच्या मार्फत. दुबईचं गल्फूड दर वर्षाच्या सुरवातीला असते, अन् आपल्याकडं दिवाळीनंतर कोणीतरी विचारते "स्टॉल भेटेल का". नाही भेटत भाऊ, तेव्हा नकाशा पक्का झालेला असतो.

एका तालुक्यातल्या दहा शेतकरी कंपन्यांनी दहा वेगवेगळे मेल टाकले की त्याच्यासाठी ते दहा किरकोळ चौकश्या असतात, उत्तर येते ते छापील. त्याच दहांनी मिळून अपेडामार्फत एक मागणी केली, इतके टन, या महिन्यात, या ग्रेडचा माल, तर तो विषय त्याच्या यादीत बसू शकते. हळदवाल्यांनो, तुमचं दार अपेडा नाही, मसाला बोर्ड आहे, नोंदणी तिथली लागते. वायगाव हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे ते चांगलंच, पण चुकीच्या ऑफिसात गेलं तर जीआयचं सर्टिफिकेट फ्रेममध्येच राहते.

संत्रा झाडावर पिवळा झाला की निवेदन देणं

आता मुद्द्यावर येतो. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथलं आयात शुल्क 2019 च्या आसपास किलोमागं 20 रुपये होतं, 2023 मध्ये ते 88 रुपयांवर गेलं, वरुडचे ट्रक कमी झाले, आंबिया बहाराचा (ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडणीला येणाऱ्या मालाचा) भाव पडला, हे सगळं आपल्याला पाठ आहे. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, माल तोडणीला आला की मोर्चे, निवेदनं, "केंद्रानं ढाक्याशी बोलावं". डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं निम्म्या शुल्काएवढी, म्हणजे किलोमागं 44 रुपयांची मदत जाहीर केली, ते ठीक, पण शुल्क तिथंच राहिलं.

आता ढाक्याच्या बाजूनं पाहा. त्यांचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते, बजेट जूनमध्ये मांडलं जाते. शुल्काचे आकडे त्यांचं राष्ट्रीय महसूल मंडळ त्याच्या आधीच्या महिन्यांत ठरवते, तेव्हाच तिथले व्यापारी संघ आपापली गाऱ्हाणी घेऊन जातात. म्हणजे आपल्या उच्चायोगातल्या अधिकाऱ्याला हा विषय हातात घ्यायचा तर आकडेवारी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या टेबलावर पाहिजे. तेव्हा आपण मृग बहाराचा माल तोडून राहिलेलो असतो, पुढच्या आंबियाचा विचार कोणाच्या डोक्यात नसते. नोव्हेंबरमध्ये निवेदन म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

दुसरं, "88 रुपये रद्द करा" असं लिहून काही होत नाही, कारण 88 रुपये असा एक कर नाहीच. कस्टम ड्युटी, रेग्युलेटरी ड्युटी, सप्लिमेंटरी ड्युटी, व्हॅट, आगाऊ इन्कम टॅक्स, असे थर चढत चढत तो आकडा होते. मे 2022 मध्ये त्यांनी विदेशी फळांवर 20 टक्के रेग्युलेटरी ड्युटी लावली ती डॉलर वाचवायला, फुलं, फर्निचर, कॉस्मेटिक्स सगळ्यावर लावली, आपल्या संत्र्यावर राग म्हणून नाही. डॉलरच नव्हते तर तिथल्या बँका एलसी उघडायलाही टाळत होत्या, म्हणजे शुल्क शून्य असतं तरी काही आयातदारांना माल घेता आला नसता. अधिकाऱ्याला कोणत्या थराबद्दल बोलायचं हे सांगितलं तर तो बोलू शकतो, नुसतं "अन्याय" लिहिलं तर तो काय बोलेल.

अन् तिसरं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी मध्येच, बजेटची वाट न पाहता, फळांवरची सप्लिमेंटरी ड्युटी 20 वरून 30 टक्के केली. तिथलेच फळ आयातदार रस्त्यावर आले, बंदरावर माल उचलणार नाही म्हणाले, अन् मार्चमध्ये ती 25 वर आली. कोणाच्या आवाजानं आली? त्यांच्या स्वतःच्या व्यापाऱ्यांच्या. बाहेरच्या देशाच्या अधिकाऱ्यानं शंभर पत्रं लिहिली तरी जेवढं होत नाही तेवढं तिथल्या फळबाजारातल्या लोकांनी केलं. चांगला कमर्शियल ऑफिसर म्हणूनच मंत्रालयाच्या चकरांपेक्षा या लोकांकडं जास्त जातो. आपल्या कंपन्यांनीही बेनापोलच्या (सीमेवरचं बांगलादेशी ठाणं) पलीकडचा आपला जुना खरेदीदार कोणत्या संघात आहे, हे त्याला कळवलं पाहिजे. हे कोणी कळवतच नाही, उलट "आमचा व्यापारी फुटेल" म्हणून नाव लपवतात.

साहेबांच्याही चुका असतात, त्या ओळखा

नवीन पोस्टिंगवर आलेला अधिकारी सोप्या ओळखी करतो. भारतीय उद्योजकांचा क्लब, महाराष्ट्र मंडळाची दिवाळी, राजधानीतलं हॉटेल, चेंबर ऑफ कॉमर्सचा डिनर. लोकं चांगली, पण यातलं कोणी सकाळी चार वाजता फळांच्या ठोक बाजारात उभं राहत नाही. कामाच्या ओळखी वेगळ्याच, क्लिअरिंग एजंट, कोल्ड स्टोरेजवाला, वनस्पती संगरोध (बाहेरून आलेल्या मालात कीड-रोग तपासणाऱ्या) विभागाचा मधल्या फळीतला अधिकारी, व्यापार पानावर लिहिणारा पत्रकार. एकाच पक्षाच्या मंत्र्यांशी घसट ठेवणं ही तर मोठी चूक, 5 ऑगस्ट 2024 ला ढाक्यात सरकार गेलं तेव्हा मंत्र्यांपुरत्या ओळखी एका दिवसात कामातून गेल्या, आयातदार अन् कस्टमवाले मात्र होते तिथंच होते. तुम्ही तिथं गेलात तर अधिकाऱ्याला "मंत्र्यांची भेट घालून द्या" नका म्हणू, "ठोक बाजारात कोणाशी बोलू" हे विचारा. उत्तर आलं तर माणूस कामाचा.

मेलमध्ये नको ते सगळं, पाहिजे ते नाही

एक पान पुरे. एचएस कोड (कस्टममध्ये मालाला असलेला नंबर) पहिले लिहा, त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात अन् तो अधिकारी आकडेवारी त्यावरूनच काढतो. नागपुरी संत्रा मँडरिनमध्ये येतो, 080521. बरेच जण 080510 टाकतात, तो मोसंबी-माल्टासारख्या फळाचा कोड, मग तो बिचारा भलत्याच फळाचे खरेदीदार शोधून पाठवतो. त्याखाली महिने, टन, साईज, पेटीचं वजन, वॅक्सिंग (सालीवर मेणाचा थर) झालं की नाही, भाव, सर्टिफिकेटं.

बिया आहेत हे लपवू नका. बाहेरच्या बऱ्याच बाजारांना बिनबियांचं, टिकाऊ फळ पाहिजे, आपलं सैल सालीचं, रसाळ, बियांचं. सुरवातीलाच सांगितलं तर तो ज्यूसवाला किंवा जवळचा बाजार सुचवेल, लपवलं तर सॅम्पल गेल्यावर त्याचीच तिथं शोभा होते अन् पुढच्या वेळी तुमचा मेल उघडत नाही. अन् एखाद्या देशात आपल्या फळाला वनस्पती संगरोधाची परवानगीच नसली तर खरेदीदार मागूच नका, ते काम दोन्हीकडच्या कृषी मंत्रालयांचं, त्याला वर्षं लागतात.

उलट बाजू: परदेशी अधिकारी आपल्या गावात आला तर

हेही होते. मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटकडं महाराष्ट्र येतो. त्यांच्याकडं आर्थिक अधिकारी परराष्ट्र खात्याचा, व्यापारवाला वाणिज्य खात्याचा अन् शेतीवाला कृषी खात्याचा असतो, तिघांची कामं वेगळी. शेतीवाले आपल्या कापसाचा सविस्तर अहवाल नियमित काढतात, इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतो, पेरा, उत्पादन, आयातीचा अंदाज सगळं. ऑगस्ट 2025 मध्ये भारतानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं तेव्हा बाहेरचे लोक आपल्या पराटीकडं (कापसाच्या पिकाकडं) किती बारकाईनं पाहतात ते कळलं असेल.

असा माणूस आला की आपण काय करतो, मंडप, शाल-श्रीफळ, आठ जणांची भाषणं, अन् शेतात न्यायची वेळ येईपर्यंत त्याची परतीची गाडी लागलेली. तो आलेला असतो ऐकायला. त्याला एका जिनिंगवाल्याजवळ, दोन शेतकऱ्यांजवळ अन् कापूस वेचणाऱ्या बायांजवळ अर्धा-अर्धा तास बसवा, दुभाषा आपला चांगला द्या. एकरी उतारा फुगवून सांगू नका, त्याच्याकडं सॅटेलाइटचे आकडे असतात. मजुरीचं, बोंडअळीचं, भावाचं खरं सांगा, अन् तुम्हाला त्याच्याकडून काय माहिती पाहिजे ते एक-दोन प्रश्न आधीच ठरवून ठेवा. पोराच्या व्हिसाचं मात्र विचारू नका, ती खिडकी वेगळी, अन् एकानं विचारलं की मागचे वीस जण तेच विचारतात, मग कापसाचं राहूनच जाते.